शाळेची गाडी आणि मुलांची ने-आण : सातारा-सांगलीकरांनो, तुमचे अनुभव लिहा

जूनच्या मध्यावर शाळा भरतील. त्याआधी हा धागा उघडतोय. झालेल्या अपघातांच्या कहाण्या नकोत. काय तपासता, कधी तपासता, कोणत्या क्रमाने, आणि ते नेमकं कुठे फसतं, एवढंच लिहा. गाडी धावत असते तेव्हा सगळ्यांचंच लक्ष असतं. मूल पायरीवरून उतरून घराच्या फाटकाला लागेपर्यंतच्या वीस-पंचवीस पावलांकडे मात्र कुणी बघत नाही. म्हणून सुरुवात थांब्यापासून करू.

शाळेची वाहतूक बघणारी, विश्रामबाग

थांबा ठरवताना आधी रस्त्याची बाजू बघायची. बसचं दार डावीकडे असतं, म्हणजे घरही डावीकडेच हवं. उतरल्यावर मुलाला रस्ता ओलांडावा लागत असेल तर तो थांबा चुकला. सांगली-मिरज रस्त्यासारख्या वाहत्या रस्त्यावर पलीकडच्या मुलांना अलीकडे उतरवून "जा पळत" म्हणायचं नाही, बस पुढच्या चौकातून वळवून आणायची. दीड-दोन किलोमीटर जास्त पडतात. ते डिझेल करार करतानाच भाड्यात धरा, म्हणजे ऑगस्टमध्ये कंत्राटदाराची कुरकुर सुरू होत नाही आणि चालकही परस्पर फेरा वाचवत नाही.

वळणावर, गतिरोधकाला लागून, डीपीखाली, उघड्या गटारीशेजारी थांबा नको. वडापच्या, म्हणजे सीटवर प्रवासी भरणाऱ्या, जीपा उभ्या राहतात तिथे तर मुळीच नको. जीप पुढे घुसते, बस रस्त्याच्या मधोमध थांबते आणि मुलं दोन गाड्यांच्या फटीतून बाहेर येतात. मे महिन्यात गाडी घेऊन पूर्ण मार्ग एकदा फिरायचा, पण शाळेच्याच वेळेला. दुपारी एकला मोकळा दिसणारा चौक सकाळी साडेसहाला भाजीच्या टेम्पोंनी भरलेला असतो.

वेळापत्रकात प्रत्येक थांब्याची वेळ मिनिटासकट लिहा आणि ठरलेल्या वेळेआधी बस हलवू नका. उशिरा आलेल्या बसपेक्षा लवकर निघालेली बस वाईट, कारण तिच्यामागे मूल धावतं आणि चालकाला आरशात ते उशिरा दिसतं.

सुटीच्या वेळचा क्रम असा ठेवा. घंटेआधी सगळ्या बस आत घ्यायच्या, तोंड बाहेरच्या बाजूला करून लावायच्या, इंजिन बंद, किल्ली खिशात. मग मुलं ओळीने बसपर्यंत. शेवटचं मूल चढलं, मदतनिसांनी हात वर केले, की शिक्षकाची शिट्टी, आणि त्यानंतरच पहिली बस हलेल. मुलं पटांगणात असताना रिव्हर्स गिअर पडताच कामा नये. एकच फाटक असलेल्या शाळांत हे सांभाळणं अवघड जातं. तिथे दुचाकीवरून आलेल्या पालकांना दहा मिनिटं बाहेर थांबवावं लागतं. ते चिडतात. तरीही थांबवा.

बसमधली मदतनीस, मिरज

आमचं काम दारात उभं राहण्याचं नाही, दारातून खाली उतरण्याचं आहे. गाडी पूर्ण थांबली, हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला, की आधी आपण उतरायचं, मागून दुचाकी येत नाही ना ते बघायचं आणि मगच मुलाचा हात धरायचा. डावीकडून, बस आणि गटारीच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून मोटारसायकल घालणारे रोज भेटतात.

चढता-उतरता काय अडकतं त्याची यादी पाठ असू द्या : दप्तराचा लोंबता पट्टा, ओढणी, ओळखपत्राची दोरी, रेनकोटचं टोक, पाण्याच्या बाटलीची गळ्यातली दोरी. यातलं काहीही दारात अडकलं आणि गाडी हलली तर मूल फरफटतं. ओळखपत्राची दोरी ओढली की सुटणारी घ्या, दोरीच्या मागे सुटणारं बक्कल असतं. पट्टे दप्तरात खोचायला लावा. मूल दारापासून पाच-सहा पावलं लांब, चालकाला दिसेल असं उभं राहिलं, की मगच चालकाला "चला" म्हणायचं. खाली पडलेली वस्तू उचलायला मूल चाकाजवळ वाकतं, हे चालकाला कुठल्याच आरशात दिसत नाही. त्यामुळे पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट शिकवायची : "पडलं तर पडू दे, ताईला सांग."

मोजणी तीनदा. चढताना नावानिशी, गाडी सुटण्याआधी डोकी मोजून, उतरताना पुन्हा नावानिशी. तीन आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. दोन सारखे आणि तिसरा वेगळा आला तर गाडी हलवायची नाही.

शाळेत मुलं उतरल्यावर शेवटच्या बाकापर्यंत चालत जायचं, प्रत्येक बाकाखाली वाकून बघायचं. बालवाडीतलं मूल झोपलं की बाकावर दिसतच नाही, घसरून खाली दप्तरांत जातं. आपल्याकडे एप्रिलच्या उन्हात बंद गाडी काही मिनिटांत तापते. मागच्या काचेला "गाडी रिकामी आहे" अशी पाटी टांगा. मागे गेल्याशिवाय ती उलटवता येत नाही, आणि ती उलटलेली दिसल्याशिवाय चालकाने गाडीला कुलूप लावायचं नाही.

घरी सोडताना कार्डावर ज्यांचा फोटो आहे त्यांच्याच हाती मूल द्यायचं. "मी शेजारचा काका" चालत नाही, ओळखीचा असला तरी. कुणी आलं नाही तर मूल गाडीतच राहील, फेरी पूर्ण होईल आणि ते शाळेत परत येईल. पालकांना जूनमध्येच लेखी कळवा, म्हणजे थांब्यावर वाद होत नाही.

बसचालक, वाई-पाचगणी

पसरणी घाटाचं सांगतो. ज्या गिअरमध्ये गाडी चढते त्याच गिअरमध्ये ती उतरवायची. न्यूट्रल करून डिझेल वाचवायला गेलं की सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि खालच्या वळणांवर पेडल दाबलं तरी गाडी धरत नाही. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनच्या धुराची वाट अडवून गाडी रोखणारा) असेल तर तो वरूनच चालू ठेवा, वळणात शिरल्यावर नको. जळका वास आला तर रुंद जागा बघून गाडी थांबवा, चाकांना दगडाची उटी लावा आणि थंड होऊ द्या. तापलेल्या ब्रेक ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो.

एअर ब्रेकच्या गाडीत हवेच्या दाबाचा काटा पुरता चढल्याशिवाय हलायचं नाही. पावसाळ्यात हवेच्या टाकीत पाणी साठतं, रोज संध्याकाळी टाकीखालची तोटी (ड्रेन कॉक) उघडून ते काढायचं. छोट्या बसला व्हॅक्यूम बूस्टर असतो, इंजिन चालू असेपर्यंत तो ब्रेकचं पेडल हलकं ठेवतो. उतारावर इंजिन बंद पडलं की दोन-तीन दाबांनंतर पेडल दगड होतं. हे माहीत नसलं की नवा चालक घाबरून जातो.

चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हा घाटाचा नियम आहे. धुक्यात हेडलाइट खाली ठेवा. वरचा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका. मागच्याला आपण वळणार की थांबलोय ते कळत नाही.

आणि पाठीमागे पोरं ओरडतात म्हणून आरशात बघत बसू नये. ते बघायला ताई आहे.

गॅरेजवाला, कराड

सकाळी दहा मिनिटं पुरतात. क्रम एकच ठेवा, म्हणजे काही सुटत नाही : गाडीखाली ओल आहे का, चाकांचे नट, टायर, दिवे, हॉर्न, वायपर, ब्रेक, दार, आपत्कालीन दार. नट आवळल्यावर नटावरून रिमपर्यंत रंगाची एक रेघ मारून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. पान्याशिवाय दोन सेकंदांत कळतं.

टायरवर चार आकडी शिक्का असतो. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली पण टायर जुना असेल तर बाजूच्या भिंतीला बारीक चिरा दिसतात. रिमोल्ड टायर (झिजलेल्यावर नवी नक्षी चढवलेला) पुढच्या चाकांना कधीही नाही.

आपत्कालीन दार हे सगळ्यात दुर्लक्षित. जुलै उजाडेपर्यंत बिजागरी गंजतात, मग शिपाई तिथे जादा बाक टाकतो, आणि ते दार फक्त रंगापुरतं उरतं. दर शनिवारी ते आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून उघडून बघा. पाचवी-सहावीतल्या मुलाला एकट्याने खिट्टी सरकवता आली पाहिजे, नाहीतर दार असून नसल्यासारखं.

आगी बहुतेक वायरिंगमुळे लागतात. मालक नंतर कॅमेरे, स्पीकर, एलईडी पट्ट्या बसवतो आणि वायर थेट बॅटरीला जोडतो, मधे फ्यूज नाही. वायर पत्र्यावर घासते, रबर निघतो, ठिणगी पडते. प्रत्येक जादा जोडणीला स्वतंत्र फ्यूज आणि पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकात बसवायची कडी) हवाच. दुसरं कारण डिझेलच्या पाइपातून एक्झॉस्टवर पडणारे थेंब. अग्निशामकाचा काटा हिरव्यात आहे एवढ्यावर समाधान मानू नका. आतली पावडर गाडीच्या हादऱ्यांनी तळाशी घट्ट बसते. महिन्यातून एकदा नळकांडं उलटं करून हलवा, आत पावडर सरकलेली जाणवली पाहिजे.

वेग नियंत्रकाचं सील तुटलेलं दिसलं तर "आपोआप तुटलं" मानू नका. जीपीएसवर गाडीचा महिन्याभराचा सर्वाधिक वेग काढा, काय ते कळेल.

पालक, शाहूपुरी, सातारा

रिक्षा किंवा व्हॅन लावताना भाड्याआधी हे बघा. नंबर प्लेट पिवळी आणि अक्षरं काळी, म्हणजे वाहन प्रवासी वाहतुकीसाठी नोंदलेलं आहे. पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने मुलं नेत असेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की फिटनेस प्रमाणपत्राची आणि विम्याची मुदत दिसते. गाडी एमएच ११ ची (सातारा) असो, ५० ची (कराड) असो की १० ची (सांगली).

मग आतून बघा. सीएनजी व्हॅनमध्ये मागे टाकीवर फळी टाकून बाक केला असेल तर मूल पाठवू नका. टाकीवरच्या पट्टीवर तपासणीची तारीख असते, ती दर तीन वर्षांनी नवी व्हायला हवी. मुलं आत असताना पंपावर गॅस भरायचा नाही, हे गाडीवाल्या काकांना पहिल्याच दिवशी सांगा. रिक्षात चालकाच्या शेजारी मूल नको आणि बाहेर लटकवलेली दप्तरं नकोत. वळताना दप्तर खांबाला अडकतं आणि रिक्षा ओढली जाते. पोवई नाक्यावर सकाळी दहा मिनिटं उभं राहिलात तर ही दोन्ही दृश्यं दिसतील.

काका स्वस्तात नेतात कारण मुलं जास्त कोंबतात. तीन-चार पालकांनी मिळून महिन्याचं भाडं थोडं वाढवून दिलं तर मुलं कमी करता येतात. काकांना दोष देण्याआधी हा हिशेब आपण करावा.

निवृत्त मोटार वाहन निरीक्षक, सांगली

कागदांचं थोडक्यात लिहितो. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ चे स्वतंत्र नियम आहेत. त्यांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी : मुख्याध्यापक अध्यक्ष, सोबत पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, परिवहन खातं, वाहनधारकांचा प्रतिनिधी वगैरे. बसमध्ये मदतनीस हवा, मुली असतील तर महिला मदतनीस. बऱ्याच शाळांत समिती फाइलपुरती असते. तिचं खरं काम थांबे आणि भाडं ठरवणं हे आहे. पालकांनी लेखी अर्ज देऊन मागच्या बैठकीचं इतिवृत्त मागावं. समिती जिवंत आहे की नाही ते तेवढ्यात समजतं.

आठ वर्षांपर्यंतच्या व्यावसायिक वाहनाचं फिटनेस दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. प्रमाणपत्र म्हणजे त्या दिवशी गाडी बरी होती, एवढंच. क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी घेतल्यास मोटार वाहन कायद्याच्या १९४अ कलमाखाली प्रत्येक जादा प्रवाशामागे २०० रुपये दंड आहे. रक्कम लहान वाटते, पण अपघातात नुकसानभरपाईच्या दाव्यात हाच मुद्दा मालकाच्या अंगावर येतो.

बदली चालक ही मोठी फट आहे. नेहमीचा चालक रजेवर गेला की मालक भाच्याला पाठवतो. परवाना, बॅज, चारित्र्य पडताळणी, डोळ्यांची तपासणी या चारही गोष्टी बदली चालकाच्याही शाळेत जमा हव्यात. यादीत नाव नसेल तर त्याच्या हाती किल्ली नको.

प्राथमिक शिक्षिका, वाळवा तालुका

ऊसतोडीच्या हंगामाचं कुणी लिहिलं नाही. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सकाळच्या सत्राची मुलं त्याआधी रस्त्यावर उभी असतात. दप्तराच्या मागे आणि दोन्ही पट्ट्यांवर चमकणारी पट्टी शिवून घ्या. दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला मागे दिवा नसतो आणि उसाची टोकं बाजूला हात-दीड हात बाहेर येतात. त्यामुळे खिडकीला आडव्या दांड्या हव्यातच, आणि अरुंद रस्त्यावर ट्रॉलीला ओव्हरटेक नाही. सांडलेल्या पाचटावर दव पडलं की रस्ता निसरडा होतो, दुचाकीवरून मुलं सोडणाऱ्यांनी जपून जावं. बैलगाडीमागे थांबावं लागलं तर शाळेने उशीर माफ करावा, म्हणजे चालक घाई करणार नाही.

शाळेची वाहतूक बघणारी, विश्रामबाग

पुराचंही लिहायला हवं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पण शाळेने ४० ची वाट बघायची नाही, सखल रस्ते आणि ओढ्यांवरचे फरशी पूल त्याआधीच जातात. प्रत्येक मार्गावरच्या अशा जागांची यादी जूनमध्ये करून ठेवा आणि प्रत्येक जागेपुढे पर्यायी वाट लिहा. वाट नसेल तर त्या मुलांची बस त्या दिवशी बंद. निर्णय आदल्या संध्याकाळी सातपर्यंत पालकांच्या ग्रुपवर गेला पाहिजे. शाळा भरल्यावर पाणी वाढलं तर सखल भागातली मुलं आधी सोडायची, नेहमीचा मार्गक्रम त्या दिवशी बाजूला. फरशीवरून पाणी वाहत असेल तर घोटाभर असलं तरी बस घालायची नाही. खालचा डांबर वाहून गेला की नाही ते वरून दिसत नाही.

बसमधली मदतनीस, मिरज

एक राहिलं. बसमध्ये दर्शनी जागी हे आकडे मोठ्या अक्षरांत लावा : ११२, रुग्णवाहिका १०८, चाइल्डलाइन १०९८. त्याखाली शाळेचा नंबर आणि त्या बसच्या मार्गाचं नाव. घाबरलेल्या माणसाला आपण कुठे आहोत हेही सांगता येत नाही. मार्गावरच्या मोठ्या खुणा, म्हणजे देऊळ, दूध डेअरी, पेट्रोल पंप, क्रमाने लिहिलेला कागद फोनशेजारी असला की रुग्णवाहिकेला जागा नीट सांगता येते. आमच्या मार्गाचा कागद लॅमिनेट करून चालकाच्या मागच्या पत्र्यावर चिकटवला आहे, आणि थांबे बदलले की तो त्याच दिवशी बदलायचा असतो.