जुना हार्डवेअर सिक्वेन्सर घेऊ का? फ्लॉपी वाचत नाही, बटणं अडतात

तालवेडा
नमस्कार मंडळी. ८०च्या दशकाअखेरचा, ३.५ इंची डीडी (डबल डेन्सिटी) फ्लॉपीचा मिडी सिक्वेन्सर (वाद्यांना जोडून नोटा नोंदवणारं आणि वाजवणारं यंत्र) विकायला आहे. विकणारा म्हणतो, "चालू आहे, फक्त फ्लॉपीचं बघावं लागेल." स्क्रीन लागते पण मंद. प्ले, रेकॉर्ड दोन-तीनदा दाबावं लागतं. बंद करून लावला की गाणी गायब. फ्लॉपी घातली की मोटर फिरल्याचा आवाज येतो आणि एरर. झाकण उघडून बघायची परवानगी आहे, सोल्डरिंग येतं. काय दिसलं तर नाद सोडू?

सोल्डरधूर
गाणी गायब होणं हा दोष असेलच असं नाही. त्या काळच्या काही यंत्रांत बॅटरीच नसते, फ्लॉपी हीच साठवण. रोलंड एमसी-५०० ची तर सिस्टमच फ्लॉपीवरून चढते. आधी मॅन्युअल बघा. बोर्डावर सीआर २०३२ (नाण्यासारखा बॅटरी सेल) असेल तर यंत्र बंद ठेवून व्होल्टेज मोजा. २.७ च्या खाली असेल तर बदला. सेलवर थेट सोल्डरचा डाग देऊ नका, होल्डर बसवा. नव्या सेलनंतर स्क्रीनवर कचरा दिसला तर घाबरू नका, फॅक्टरी रीसेट करा.

स्क्रीन मंद असणं चालेल, पण आडव्या-उभ्या रेघा गायब असतील तर सोडा. स्क्रीनला जोडणाऱ्या पट्टीची जोडणी क्वचितच टिकाऊ सुधारते. मंद उजेड बहुधा ईएल शीटचा (स्क्रीनमागच्या उजेड देणाऱ्या पातळ पत्र्याचा) असतो आणि ती बदलता येते. मात्र तिच्या तारांवर इन्व्हर्टरचा उच्च एसी व्होल्टेज असतो, तिथे थेट एलईडी पट्टी जोडू नका.

मिडी आउट तपासायला एक एलईडी पुरे. लांब पाय पिन ४ ला, आखूड पाय पिन ५ ला. प्ले केल्यावर लुकलुकला तर आउट जिवंत. (क्लॉक म्हणजे तालाचे ठोके पाठवणं चालू हवं, क्वार्टर नोटला २४ ठोके.) मग आउटची केबल त्याच यंत्राच्या इनमध्ये लावा, एको (इनमधून आलेलं आउटवर परत पाठवणं) बंद करा, नाहीतर नोटा गोल गोल फिरत राहतील. वाजवलेलं दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड झालं नाही तर बहुतेकदा इनचा ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशाने पुढे देणारी छोटी चिप) गेलेला असतो. तो स्वस्त भाग आहे.

बेल्टबाबा
मोटरचा आवाज येतो, पण डिस्क फिरते का, हे आधी बघा. पट्ट्याचा ड्राइव्ह असेल तर रबर वितळून डांबर झालेलं असतं. पुलीवरून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, हेडला तो चिकटा लागू देऊ नका. नवा पट्टा जुन्यावरून मापू नका, तो ताणलेला असतो. पुल्यांभोवती दोरा गुंडाळून लांबी घ्या आणि त्याहून साधारण ५ टक्के कमी घेराचा पट्टा मागवा.

एचडी (हाय डेन्सिटी) डिस्कच्या भोकावर टेप लावून डीडी म्हणून वापरण्याचा सल्ला मिळेल. तिचा चुंबकी लेप वेगळा असतो, लिहिलेलं टिकत नाही. चाचणीपुरतं ठीक, कामासाठी नको.

गोटेकवाला
मी तर पट्ट्याच्या भानगडीत पडूच नका म्हणेन. ३४ पिनांचा ड्राइव्ह असेल तर गोटेक (फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा यूएसबी ड्राइव्ह) आणि त्यावर फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर. पण ३४ वी पिन बघा: काही यंत्रांना तिथे रेडी सिग्नल हवा असतो, काहींना डिस्क चेंज (डिस्क बदलल्याचा). सेटिंगमध्ये इंटरफेस शुगार्ट आणि आयबीएमपीसी असे दोन्ही करून पाहा. दिवा सतत जळत राहिला तर केबल उलटी लागली आहे. २६ पिनांची चपटी रिबन असेल तर अॅडॉप्टर लागेल.

बेल्टबाबा
गोटेक बसवा, पण जुना ड्राइव्ह फेकू नका. जुन्या डिस्कवरचं उतरवायला तोच लागेल.

तालवेडा
आज पाहून आलो. एलईडी लुकलुकतो, स्क्रीनच्या रेघा पूर्ण आहेत, बोर्डावर सेल आहे, १.९ व्होल्ट. डिस्क फिरत नाही, पट्ट्याची पुली काळी चिकट. आता बटणं?

सोल्डरधूर
मग घ्या, फ्लॉपी बंद धरून भाव करा. दाबल्यावर टक् आवाज येत असेल तर बहुधा ६ बाय ६ मिमीचे टॅक्ट स्विच (बटणाखालचे छोटे टकटक स्विच). स्प्रे मारून चार दिवस चालतात, पुन्हा तेच. सगळेच बदला, पण मागवताना दांड्याची उंची मोजा. अर्धा मिमी जास्त झाली तरी बटण कायम दबलेलं राहतं. मऊ रबरी बटणं असतील तर कार्बन पॅड आयसोप्रोपिलने हलकेच पुसा, खरवडू नका.

आणि पॉवर अॅडॉप्टर, विकणाऱ्याच्या भरवशावर लावू नका. यंत्रावरचं चिन्ह बघा: एसी की डीसी, मधला खांब धन की ऋण.