बरणीत फुलपाखराऐवजी हे काय निघालं?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक): कढीपत्त्यावरची हिरवी अळी लेकीने बरणीत पाळली. कोष झाला, काळा पडला, आणि आज तळाशी गव्हाच्या दाण्याएवढ्या दोन तपकिरी गोळ्या! पोरगी रडतेय.

उत्तर १: त्या गोळ्या म्हणजे टॅकिनिड माशीचे कोष. हिच्या अळ्या फुलपाखराच्या अळीला आतून खातात. रेशीमवाल्यांची डोकेदुखी, उझी माशी, याच कुळातली. फेकू नका, बरणीच्या तोंडाला मलमल बांधा.

उत्तर २: कोस्टारिकात ग्वानाकास्टेच्या जंगलात १९७८पासून हेच चाललंय. सुरवंट पिशवीत पाळायचे, निघेल ते नोंदवायचं. अशाच माश्यांच्या कितीतरी नव्या जाती त्यातून मिळाल्या. दिसायला सारख्या, डीएनएने वेगळ्या.

प्रश्नकर्ता: मलमल नव्हती, जुनी ओढणी बांधली. लेकीने बरणीवर चिठ्ठी लावलीय: ‘चोर’.