मदत हवी आहे: शॅडो टीचरसह (वर्गात मुलाजवळ बसून मदत करणारी शिक्षिका) पहिलीचा खर्च कसा बसवता?

मुलगा ६ वर्षांचा, ऑटिझम, दिव्यांग प्रमाणपत्र ४०% वर आहे, यूडीआयडी कार्डही (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आलंय. राहतो नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याला. जूनपासून पहिली. घरात दोघांचे मिळून ६८,००० येतात, त्यातले १९,००० घराच्या हप्त्यात.

जवळच्या खाजगी शाळेने घ्यायची तयारी दाखवली, पण शॅडो टीचर आम्हीच आणायची. वर्षाची फी ६२,०००, व्हॅन महिना १,८००, शॅडो टीचर १२,०००, थेरपी ७,२००. म्हणजे महिना २६,००० च्या घरात, आणि गणवेश-सहली अजून धरल्याच नाहीत!

आरटीईचा, म्हणजे खाजगी शाळेतल्या राखीव मोफत जागांचा, फॉर्म भरला होता (दिव्यांगांना उत्पन्नाची अट नसते), सोडतीत नंबर लागला नाही. निरामय (दिव्यांगांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) काढलाय. प्राप्तिकरात ८०डीडीची (घरातल्या दिव्यांग व्यक्तीसाठीची) ७५,००० ची वजावट जुन्या कररचनेतच मिळते, म्हणून तीच ठेवलीय. मनपा शाळा पाहिली, वर्गाच्या गोंगाटात तो कान झाकून बसला. गाव बदलणं शक्य नाही, कृपया तो सल्ला नको.

नाशिकमध्ये कुणी दोन मुलांत मिळून एक शॅडो टीचर ठेवली आहे का? शाळेने चालवून घेतलं का, आणि सुट्टीतल्या दोन महिन्यांचा पगार कसा ठरवलात?