मदत हवी आहे: उंदराच्या मिशांच्या रांगा मज्जातंतूंशिवाय उमटतात हे पक्कं कसं करावं?

उंदराच्या ११.५ दिवसांच्या भ्रूणाचा मिशांचा भाग, ट्रायजेमिनल गँग्लिऑन (चेहऱ्याच्या संवेदी मज्जापेशींचा गुच्छ) मागे सोडून, फिल्टरवर हवा आणि मीडियमच्या (पोषक द्रवाच्या) सीमेवर ३७ अंशांना वाढवतोय. ए ते ई या पाचही रांगा उमटतात. मज्जातंतू लागतच नाहीत, असा निष्कर्ष मात्र घाईचा वाटतो: प्लॅकोड (मिशीच्या जागी त्वचेचा पहिला जाडसर ठिपका) दिसण्याआधीच अ‍ॅक्सॉन (मज्जापेशींचे लांब धागे) तिथवर पोचलेले असतात, आणि गँग्लिऑनपासून तुटलेले तुकडे लगेच नाहीसे होत नाहीत. १० दिवसांचं भ्रूण घ्यावं तर कडा आत वळतात, जाडी वाढून मधल्या पेशी ऑक्सिजनअभावी मरतात आणि शेजारचे फॉलिकल (मिशी जिथून उगवते त्या पिशव्या) एकमेकांना चिकटतात. मग दोष मज्जातंतू नसल्याचा की कल्चरचा, काय सांगणार?

एवढा कोवळा तुकडा सपाट कसा बसवता? आणि मज्जातंतू दाखवणारी बीटा-३ ट्यूब्युलिनची अँटिबॉडी अख्ख्या तुकड्यात आतपर्यंत मुरायला ट्रायटन (पेशीपटल सच्छिद्र करणारा डिटर्जंट) किती टक्के, किती तास ठेवता?