मदत हवी आहे: दोन निगेटिव्ह जोडल्या की क्षितिजावर रेघ येते

भरती_ओहोटी: फ्रेंच फोटोग्राफर गुस्ताव्ह ल ग्रेच्या 1857च्या लाटेच्या फोटोसारखं, दोन निगेटिव्ह जोडून प्रिंट करायचंय. समुद्र एका काचेवर, ढग दुसऱ्या. मास्क (नको त्या भागावरचा प्रकाश अडवणारी झाकणं) नीट कापलेत, तरी दर वेळी क्षितिजावर रेघ उमटते. सहा कागद वाया गेले. रविवारी प्रात्यक्षिक आहे, कृपया लवकर सांगा.

काचपट्टी: रेघ काळी की पांढरी? पांढरी असेल तर दोन्ही मास्क तिथे एकमेकांवर चढतायत आणि प्रकाश पोचतच नाही, काळी असेल तर तिथे दुहेरी प्रकाश पोचतोय. कागद कोणता? ऊन की यूव्ही ट्यूब? ढगांच्या काचेवर खाली काय आहे?

अर्धाप्रकाश: एवढा खटाटोप कशाला? काचा स्कॅन करून कॉम्प्युटरवर जोडा, फिल्मवर एकच निगेटिव्ह काढा.

काचपट्टी: मग दाखवणार काय? काचेवरच्या कोलोडियनच्या प्रकाशसंवेदी थराला मुख्यतः निळा-जांभळा प्रकाश कळतो. समुद्राला पुरेसं एक्स्पोजर दिलं की आकाश कोरं होतं. दोन काचांचं कारणच ते.

साक्षी_पुरावा: कारण काहीही असो, बघणाऱ्याला तो एकच क्षण वाटतो. बनावटच आहे ही.

रौप्यक्षार: अजिबात नाही. त्याच 1857 साली रेलँडर या फोटोग्राफरने तिसाहून जास्त निगेटिव्ह जोडून एक चित्र केलं आणि मँचेस्टरच्या प्रदर्शनात मांडलं. बनावट म्हणायची तर भुतांचे फोटो काढणाऱ्या मम्लरची. त्याच्या फोटोंत माणसामागे मृत नातेवाईक दिसायचे. 1869 साली न्यूयॉर्कमध्ये खटला झाला, पुराव्याअभावी सुटला. तसं भूत हवं असेल तर एकाच काचेवर आधी पांढऱ्या कपड्यातल्या माणसाला थोडं एक्स्पोजर द्या, मग गिऱ्हाइकाला पूर्ण. मागचा पडदा काळा हवा.

भरती_ओहोटी: भूत नकोय हो! रेघ काळी, दीड-दोन मिलिमीटर. अल्ब्युमेन (अंड्याच्या पांढऱ्याचा थर असलेला) कागद, यूव्ही ट्यूबचा डबा, मास्क काचेच्या पाठीवर. ढगांच्या काचेवर खाली झाडं आहेत, पण ती मास्कखाली जातात.

काचपट्टी: ती झाडंच तुमची रेघ आहेत. हिरवा रंग कोलोडियनवर उमटत नाही, म्हणजे तिथे काच जवळजवळ स्वच्छ. ट्यूबचा प्रकाश तिरका येतो आणि 2 मिमी जाडीच्या काचेतून मास्कच्या कडेखाली शिरतो. स्वच्छ काच मिळाली की कागद काळा.

समुद्राच्या काचेवर क्षितिजाच्या वरचा भाग अपारदर्शक रंगाने भरून टाका, तिथे मास्क लागणारच नाही. नंतर ढगांची काच इतकी खाली सरकवा की झाडं क्षितिजाच्या किमान 1 सेंमी खाली जातील. आता मास्कखाली प्रकाश शिरेल तो आकाशाच्या भागातूनच. क्षितिजालगत उजळ आकाश येऊ द्या, ते निगेटिव्हवर दाट असतं, त्यामुळे समुद्रावर काळं चढत नाही. मास्कच्या कडेला कापसाची पातळ पट्टी लावा.

रौप्यक्षार: बिजागरीच्या पाठीची फ्रेम वापरा, अर्धी पाठ उघडून मंद पिवळ्या बल्बखाली जोड बघता येतो, कागद हलत नाही. दोन्ही भाग हवे त्यापेक्षा सारखेच गडद छापा, हायपोत (चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात) फिके पडतात. आणि ऊन कुठून आहे ते बघितलंत का?

भरती_ओहोटी: समुद्रावर डावीकडून. ढगांवर उजवीकडून.

रौप्यक्षार: मग ढगांची काच पालथी घाला, म्हणजे दोन्हीकडे ऊन एकाच बाजूने दिसेल. पण कोलोडियनची बाजू कागदापासून 2 मिमी दूर जाईल, ट्यूबखाली ढग पार विस्कटतील. म्हणून ढगांचं तेवढं एक्स्पोजर थेट उन्हात द्या, फ्रेम सूर्याकडे काटकोनात धरून. मास्कची कड उन्हात जास्त धारदार येते, तेव्हा कापूस थोडा रुंद लावा.