उबुंटू ऑटोइन्स्टॉल: पीएक्सईवरून (नेटवर्कवरून) बूट होतं, पण इन्स्टॉलर भाषा विचारत थांबतो

प्रश्न
उबुंटू सर्व्हर २४.०४, २० यूईएफआय (बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर) मशिन्स, पीएक्सईवरून ग्रब (बूट लोडर). यूजर-डेटा (आपोआप इन्स्टॉलच्या सेटिंग्जची फाइल) आणि मेटा-डेटा (तिच्या जोडीची फाइल) वेब सर्व्हरवर आहेत, ब्राउझरमध्ये उघडतात. ग्रबच्या लिनक्स ओळीत (कर्नल सुरू करणारी ओळ) ‘ऑटोइन्स्टॉल डीएस=नोक्लाउड;एस=’ आणि पुढे पत्ता आहे. तरी भाषेची स्क्रीन येतेच. जुन्या इन्स्टॉलरची प्रीसीड फाइल (आधीच लिहून ठेवलेली उत्तरं) चालेल का?

उत्तर १
नाही. सबिक्विटी (उबुंटू सर्व्हरचा आत्ताचा इन्स्टॉलर) प्रीसीड वाचतच नाही.

गोची त्या अर्धविरामात आहे. ग्रबच्या लेखी अर्धविराम म्हणजे कमांड संपली, त्यामुळे पत्ता कर्नलपर्यंत पोचत नाही. ‘डीएस’पासून पत्त्याच्या शेवटापर्यंतचा भाग अवतरणात टाका, नाहीतर अर्धविरामाआधी बॅकस्लॅश द्या. पत्त्याच्या शेवटी स्लॅश हवाच. फाइलचं नाव त्याला नुसतं चिकटवलं जातं. इन्स्टॉलरच्या मदत मेनूतून शेल उघडून ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ चालवा, काय पोचलं ते लगेच दिसेल.

उत्तर २
यूजर-डेटाची पहिली ओळ ‘#क्लाउड-कॉन्फिग’ आहे ना? कॉमेंट समजून ती हमखास उडवली जाते. इंडेंटला टॅब नको, स्पेसच. मेटा-डेटा रिकामी चालते, पण फाइल हवी.

पासवर्डच्या जागी हॅश (त्याचं सांकेतिक रूप) लागतो: ‘ओपनएसएसएल पासडब्ल्यूडी -६’. साधा पासवर्ड लिहिला तर इन्स्टॉल बिनबोभाट पार पडतं आणि नंतर लॉगिन होत नाही.

एलव्हीएम (डिस्कची लवचिक विभागणी) लेआउट असेल तर ‘सायझिंग-पॉलिसी: ऑल’ लिहा. मूळ ‘स्केल्ड’ धोरणात २०० जीबीपेक्षा मोठ्या डिस्कवरही रूटला (मुख्य विभागाला) १०० जीबीच मिळतात. आणि डिस्क ‘एसडीए’ नावाने निवडू नका, ही नावं बूटगणिक बदलू शकतात. ‘मॅच’खाली सीरियल द्या.

प्रश्नकर्ता
अवतरणांनी काम झालं. आता रीबूट झालं की पुन्हा पहिल्यापासून इन्स्टॉल सुरू होतं!

उत्तर १
ज्या नोंदीवरून बूट झालं तीच कर्टिन (डिस्कवर प्रत्यक्ष इन्स्टॉल करणारा भाग) यूईएफआयच्या बूट यादीत वर आणून ठेवतो. तुमच्याकडे ती नेटवर्कची. ‘स्टोरेज’मधल्या ‘ग्रब’खाली ‘रीऑर्डर_यूईएफआय: फॉल्स’ करा. शिवाय कर्नल ओळीत ‘ऑटोइन्स्टॉल’ असल्यामुळे डिस्क पुसण्याआधीचा होकारही मागितला जात नाही. म्हणून पीएक्सई मेनूचा डीफॉल्ट लोकल डिस्कच ठेवा आणि इन्स्टॉलची नोंद त्या त्या मशिनच्या मॅक पत्त्यापुरती (नेटवर्क कार्डाचा क्रमांक), काम होईपर्यंतच. तोवर ‘शटडाउन: पॉवरऑफ’ लिहिलंत तर हे चक्र निदान थांबेल.