रॅली जिंकूनही दुसऱ्यापेक्षा कमी गुण: नियम की थट्टा?

घाटरस्ता (धागाकर्ता)
आमच्या रॅलीवाल्या कंपूत दोन दिवस यावरून जुंपली आहे, म्हणून इथे मांडतो. २०२४ ची डब्ल्यूआरसीची (जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धेची) स्वीडन रॅली. एसापेक्का लाप्पी जिंकला, त्याला १९ गुण. एल्फिन इव्हान्स दुसरा आला, त्याला २४! त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे शनिवारअखेर पहिला असणाऱ्याला १८ गुण, फक्त रविवारच्या वेळांवर आणखी ७ पर्यंत आणि शेवटच्या पॉवर स्टेजला (स्टेज म्हणजे वेळ मोजला जाणारा टप्पा) ५ पर्यंत. लाप्पीने रविवारी आघाडी जपत गाडी सांभाळून आणली आणि गुण इव्हान्स घेऊन गेला.
माझं म्हणणं सरळ आहे. सगळ्या स्टेज मिळून ज्याची वेळ सर्वात कमी, तो विजेता आणि सर्वात जास्त गुणही त्याचेच. बाकी सगळी टीव्हीवाल्यांची सोय.

तिसरा गिअर
साफ असहमत. रविवारी पूर्वी काय चालायचं ते विसरलात का? मागे पडलेले पॉवर स्टेजसाठी टायर वाचवत रमतगमत यायचे. बघणाऱ्यांनी जंगलात थंडीत उभं राहायचं ते हे बघायला? शिवाय नियम हंगामाआधीच ठरला होता, लाप्पीलाही तो माहीत होता.
आणि 'जो जास्त जिंकतो तोच खरा' म्हणत असाल तर २००१ बघा. रिचर्ड बर्न्स अख्ख्या वर्षात एकच रॅली जिंकला, न्यूझीलंडची. कॉलिन मॅकरे तीन जिंकला, टॉमी माकिनेनही तीन. अंतिम गुण: बर्न्स ४४, मॅकरे ४२, माकिनेन ४१. चार वेळा दुसरा आलेला माणूस जगज्जेता झाला, आणि योग्यच झालं. गाडी शेवटपर्यंत धड आणणं हासुद्धा रॅलीचाच भाग आहे.

पंक्चर
तिसरा गिअर यांना +१. पुढचं वाक्य मॅकरेच्या चाहत्यांनी वाचू नये: त्या वर्षीच्या शेवटच्या रॅलीत, वेल्समध्ये, गाडी कोणी आपटली होती? 😄

रोडबुक
नियमाने निकाल बदलतो हे सगळे गृहीत धरताय, म्हणून मी हिशेबच मांडला. २००३ पासून पहिल्या आठ क्रमांकांना १०-८-६-५-४-३-२-१ अशी नवी गुणपद्धत आली आणि पेटर सोल्बर्गने वर्षाच्या एकूण गुणांत सेबास्तियन लोएबला ७२-७१ असं एका गुणाने हरवलं. नव्या पद्धतीमुळे लोएबचं विजेतेपद गेलं, असं तेव्हापासून ऐकतोय. दोघांचे तेच निकाल जुन्या १०-६-४-३-२-१ मध्ये घातले तर सोल्बर्ग ५९, लोएब ५७. विजेता तोच, फरक उलट वाढतो!
लोएबचं नुकसान टीमने केलं. शेवटच्या रॅलीत उत्पादकांचं (गाडी बनवणाऱ्या कंपन्यांचं) विजेतेपद पक्कं करायला सीट्रोएनने त्याला जपून चालवायला सांगितलं.

टाइमकार्ड
युरोप सोडा, आपल्या मुळशी-ताम्हिणीकडे या. टीएसडीत (वेळ-वेग-अंतर रॅलीत) वेगाला कोणी विचारत नाही, दिलेल्या सरासरी वेगाने जायचं. पण काही आयोजक लवकर आल्याला उशिराच्या दुप्पट दंड लावतात, काही दोन्हीला सारखा. पुढे ऊसाचा ट्रॅक्टर लागला तर वेळ-सवलत मागायची सोय कुठे असते, कुठे नसते. एवढ्यावरून तोच ड्रायव्हर, तोच नेव्हिगेटर, तोच रस्ता असूनही क्रमांक बदलतो. दुप्पट दंड असेल तिथे आम्ही मुद्दाम दोन-तीन सेकंद मागे राहतो. ही लबाडी नाही, नियमावली नीट वाचण्याचं बक्षीस आहे.

घाटरस्ता
@टाइमकार्ड, मग चाचणी ड्रायव्हरची झाली की वकिलाची?
स्वीडनच्या मुद्द्याला उत्तर म्हणून कोणीतरी '२०२५ ला दुरुस्त केलं ना' म्हणणार, म्हणून आधीच सांगतो. आता विजेत्याला २५, दुसऱ्याला १७, रविवारला ५, पॉवर स्टेजला ५. बेरीज करा: रविवार आणि पॉवर स्टेज दोन्ही मारले तर दुसऱ्याचे २७ होतात. भोक लहान झालं, बुजलं नाही.

तिसरा गिअर
त्यासाठी विजेत्याला रविवारी, पॉवर स्टेज धरून, एकापेक्षा जास्त गुण मिळता कामा नये. इतकं निवांत चालवणाऱ्याला एक-दोन गुण कमी मिळाले तर माझ्या डोळ्यांत पाणी येणार नाही. त्याच २०२५ मध्ये सेबास्तियन ओजिए १४ पैकी ११ च रॅली खेळून २९३-२८९ असा इव्हान्सला हरवून नवव्यांदा जगज्जेता झाला. वेगवान माणसाला पद्धत अडवत नाही.

रोडबुक
ओजिएचाच विषय निघाला म्हणून: गुणांइतकाच स्टार्टचा क्रमही निकाल फिरवतो. २०१५ मध्ये पहिले दोन दिवस गुणतक्त्याच्या क्रमाने सोडायचं ठरलं. कोरड्या खडीवर पहिल्याने रस्ता झाडायचा (चाकांनी सुटी खडी बाजूला सारायची), मागच्यांना साफ लाइन मिळायची. ओजिए वैतागला, तरी जिंकला. पावसात मात्र हे उलटतं, मागच्यांच्या वाट्याला चिखल आणि चाकोऱ्या येतात. त्यामुळे एकच नियम सगळ्यांना सारखा हे फक्त कागदावर.

टाइमकार्ड
अन्याय म्हणायचा तर १९८६ च्या सानरेमोला म्हणा. प्युजोच्या गाड्यांचे स्कर्ट (बाजूच्या खालच्या पट्ट्या) बेकायदा ठरवून त्यांना मध्येच बाहेर काढलं, मार्कु अलेन जिंकला आणि हंगामाअखेर जगज्जेताही झाला. मग फिसाने (तेव्हाच्या मोटर क्रीडा नियामक संस्थेने) सानरेमोचा अख्खा निकालच रद्द केला. अलेनचं विजेतेपद ११ दिवसांत प्युजोच्या युहा कांकुनेनकडे गेलं. खेळून झाल्यावर निकाल बदलणं ते हे. स्वीडनमध्ये असं काय झालं?

घाटरस्ता
झालं नाही, मान्य. पण गैरप्रकार नाही म्हणून पद्धत चांगली, हे मला पटत नाही. पहिल्याला दुसऱ्यापेक्षा कमी गुण का, हे माझ्या दहावीतल्या भाचीला पटेल असं सांगा, धागा बंद करतो.

पंक्चर
भाचीला म्हणावं, तोंडी परीक्षेचे गुण वेगळे असतात.